मिस्त्रीणबाईंना न जमलेला कॉम्प्युटर

मिस्त्रीणबाईंचं दुकान म्हणजे एक दार, एक टेबल आणि भिंतभर लटकवलेल्या वायरी. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, म्हणून लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे. ते गेले, टेबल मुलीकडे आलं, रेडिओ संपले, कॉम्प्युटर आले. लोकांनी जुन्याच नावाला शेपूट जोडलं आणि मोकळे झाले. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना वाटायचं ते गिऱ्हाइकांबद्दल. गिऱ्हाइकांइतकी अडाणी जमात देवाने दुसरी घडवली नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि रोज दुपारपर्यंत त्याला दोन-तीन नवे पुरावे मिळायचे.

एका प्राध्यापकांनी पंख्याची घरघर ऐकवत नाही म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याच्या फटीतून काडेपेटीची काडी घालून पंखाच थांबवला होता. वर तक्रार काय, तर मशीन तापतं! बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, नाक दाबून धरलंत आणि आता विचारताय, माणूस निळा का पडला?" प्राध्यापक रागावले, पण आले परत तिथेच. जाणार कुठे? बाईंची जीभ तिखट असली तरी हात चोख होता. वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून मशीन एक तर चालू होऊन गेलं, नाही तर नेमकं कशाने मेलं ते कळून गेलं. बिघाड सापडला नाही, असं एकदाही झालं नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा बाईंना जरा जास्तच माज होता.

त्यांच्याकडे एका सकाळी अर्जदार आले.

अर्जदार म्हणजे निवृत्त मुख्य लिपिक. बेचाळीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खुर्चीवर. दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर सूड उगवावा तसे ते स्वतः अर्ज करत सुटले. गल्लीतला दिवा फार पिवळा आहे, अर्ज. शेजारणीची मांजर भिंतीवरून चालते, अर्ज. बागेतलं बाक चुकीच्या दिशेला तोंड करून बसवलंय, असा सात मुद्द्यांचा अर्ज त्यांनी केला. वरून माणसं आली आणि बाकच उचलून घेऊन गेली. आता म्हातारी माणसं कठड्यावर बसतात आणि अर्जदारांचा उद्धार करतात. पण अर्जदारांना पश्चात्ताप? छे! दखल घेतली गेली, ह्यातच त्यांना धन्यता.

दुकानात येऊन त्यांनी तोंडाने काही सांगितलं नाही. एक कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'विषय : घरगुती संगणक वारंवार स्तब्ध होणेबाबत.' खाली नऊ मुद्दे.

"म्हणजे हँग होतो," बाई म्हणाल्या.

"मुद्दा क्रमांक दोन वाचा. बाण हलत नाही, कळा दाबल्या तरी अक्षर उमटत नाही. सर्व मजकूर जातो."

"हा कागद कुठे छापलात?"

"त्याच संगणकावर."

"तेव्हा नाही झाला हँग?"

"तो योगायोग," अर्जदार म्हणाले, आणि कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर बाईंची पोच घेतली.

बारा वर्षांचं जुनं मशीन. बाईंच्या आधी त्याच्यावर अर्जदारांच्या पुतण्याने हात साफ केला होता. ह्या पुतण्याला घरात कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा समज होता, कारण त्याचा मोबाइल महाग होता. त्याने सगळं पुसून नव्याने भरलं आणि एकाला दोन अँटिव्हायरस बसवले. दोघं एकमेकांनाच चोर समजून दिवसभर झटापट करत होते. मग शेजारच्या फोरमननी व्होल्टेजचं निदान केलं आणि घरातला फ्रिज बंद ठेवायला लावला. दूध नासलं, कॉम्प्युटर होता तिथेच राहिला.

बाईंनी डबा दुकानात आणला, दोन पहारेकऱ्यांतला एक घालवला, धूळ काढली आणि तीन दिवस मशीन चालू ठेवलं. गाणी लावली, छपाई केली, मुद्दाम छळलं. एकदाही अडकलं नाही. चौथ्या दिवशी घरी पोचवलं आणि पाचव्या दिवशी अर्जदारांचा फोन, "स्तब्ध झाला." बाईंनी परत नेलं. मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, पॉवर सप्लाय दुसरा घातला. पुन्हा दोन दिवस ठणठणीत, पुन्हा घरी, पुन्हा फोन. रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय हे बाईंना कळत होतं. जो बिघाड डोळ्यांनी पाहिला नाही त्याच्यावर औषध द्यायचं नाही, हे वडिलांनी शिकवलेलं पहिलं वाक्य. ते मोडून आपण त्या पुतण्याच्याच पंक्तीला जाऊन बसलो, म्हणून त्या स्वतःवरच उखडल्या. शेवटी सव्वीस तारखेला दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि अर्जदारांच्या घरी जाऊन ठाण मांडलं.

बैठकीची खोली लहान. एका भिंतीला स्वयंपाकघरातून ताटं सरकवायची बुटकी खिडकी, आणि बरोबर त्या खिडकीला पाठ लावून कॉम्प्युटरचं टेबल. यंत्राच्या पाठीला हवा लागली पाहिजे, असं अर्जदारांनी कुठेतरी वाचलं होतं. ताटं आता दारातून फिरून आणावी लागायची. ती आणायची काकूंनी, तेव्हा अर्जदारांची काही हरकत नव्हती.

काकू म्हणजे अर्जदारांची बायको. बारीक चणीची, आवाज न करता चालणारी. ती पाणी ठेवून आत गेली.

"करा सुरू," बाई म्हणाल्या. "रोज जे लिहिता तेच लिहा."

"ते गोपनीय आहे," अर्जदार म्हणाले, आणि लगेच सगळं सांगायला बसले. गोपनीय गोष्ट सांगायला माणसाला केवढा हुरूप येतो!

मुलगी विमा कंपनीच्या एका शाखेत लागली होती. वर्षभर कच्ची नेमणूक. ह्या महिन्याच्या तीस तारखेला तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. शाखेचे साहेब तिला रोज तासभर जास्त बसवतात, असं ती एकदा आईला बोलून गेली आणि ते बापाच्या कानावर पडलं. झालं! अर्जदारांनी थेट मुख्य कार्यालयाला अर्ज करायला घेतला. तेवीस मुद्दे, अकरा पानं, खाली मुलीचं नाव, हुद्दा, सगळं.

"मुलीला विचारलंत?"

"ती काल फोनवर रडली. म्हणते, बाबा, तुमच्या पाया पडते, तीस तारखेपर्यंत काही पाठवू नका. अक्कल नाही. अहो, तीस तारखेनंतर त्याचा प्रभाव काय राहणार?"

आत ओट्यावर भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

बाईंनी अर्जदारांकडे नीट बघून घेतलं. मूर्ख गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण पोटच्या पोरीच्या ताटात स्वतःच्या हाताने माती कालवून वर शाबासकीची वाट बघणारा हा पहिलाच. कच्च्या नेमणुकीतल्या मुलीच्या नावाने साहेबाविरुद्ध तेवीस मुद्दे गेले, तर कंपनी काय तिला हार घालणार आहे? शेंबडं पोरही सांगेल. पण ह्यांना कोण सांगणार! ह्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं, अर्ज करणारी आणि अक्कल नसलेली.

"मग हाताने लिहून टाकायचं," बाई मुद्दामच म्हणाल्या. "मशीनवाचून कशाला अडलंय?"

"हस्तलिखित अर्ज? बाई, मी बेचाळीस वर्षं हस्तलिखित अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले आहेत. मला सांगू नका."

"निदान मधूनमधून सेव्ह तरी करा. हँग झालं तरी लिहिलेलं राहील."

ह्यावर अर्जदार हसले. लहान मुलाच्या प्रश्नाला हसतात तसे. "सही न झालेला मसुदा फायलीत जात नाही. अर्धवट कागद जपून ठेवायचा नाही, हा नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"कचेरीचा."

"ही काय कचेरी आहे?"

"शिस्त घराबाहेर काढून ठेवायची नसते," अर्जदार म्हणाले. म्हणजे घ्या! रोज अकरा पानं नव्याने लिहायची, रोज आठव्या-नवव्या पानावर मशीन अडकायचं, रोज सगळं जायचं, आणि शिस्त मात्र शाबूत. बाईंनी कपाळावर हात मारला.

अर्जदार टाइप करू लागले. दोन बोटांनी, पण वेगात. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिल्या. एक तास गेला. काही नाही. काकू दोनदा दारातून डोकावून गेली. दीड तास झाला. बाईंनी आवाज न करता खुर्ची दाराच्या आडोशाला सरकवली आणि डोळे मिटून घेतले. मशीन भुतासारखं वागतं तेव्हा माणसाने नसल्यासारखं बसावं, हा त्यांचा एक जुना अनुभव. आतून बघितलं तर बाई निघून गेल्या असंच वाटावं.

नववं पान अर्धं झालं आणि अर्जदार किंचाळले, "बघा! बघा! झाला!"

त्यांचा हात रागाने बटणाकडे गेला. बाईंनी तो वरच्या वर धरला. "हात लावायचा नाही."

पडद्यावर बाण मेलेला. कीबोर्डवर बोट आपटलं तरी अक्षर नाही. बाईंनी बाण बघितला नाही, की मजकूरही बघितला नाही. त्यांनी खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. चार वाजून बारा मिनिटं. त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. अर्जदार काहीतरी बडबडत होते. घड्याळात चार तेरा झाले.

मशीन अडकलं नव्हतं. मशीन मजेत चाललं होतं, फक्त त्याला आता कोणाचं ऐकू येत नव्हतं. इतके दिवस पुतण्याने, फोरमनने आणि अर्जदारांनी, कोणी म्हणून कोणी त्या कोपऱ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. डोळे असून आंधळे सगळे!

जुन्या मशीनला मागे दोन गोल पिना असतात, कीबोर्डची जांभळी आणि माउसची हिरवी. त्या मशीनचा एक हेका असतो. चालू असताना पिन क्षणभर जरी निसटली तरी नंतर पुन्हा खोचून उपयोग नाही. बंद करून सुरू करेपर्यंत ते ओळख दाखवत नाही. पिन सैल झाली असेल असं म्हणत बाई टेबलाच्या कडेने वाकल्या आणि मागे त्या बुटक्या खिडकीत त्यांनी डोकं घातलं.

खिडकीत एक हात होता. ओला, भांडी घासून सुरकुतलेला. दोन बोटांच्या चिमटीत हिरवी पिन. जांभळी आधीच परत जागेवर बसवून झाली होती.

पलीकडे काकू उभी होती. दोघींची नजर एक झाली. काकूने हात मागे घेतला नाही. हिरवी पिन तिने शांतपणे जागेवर दाबली आणि अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाली, "चार दिवस राहिलेत, ताई. मोठ्या मुलाच्या साहेबांनाही ह्यांनी असंच लिहिलं होतं. त्याच्या भल्यासाठी. त्याची नोकरी गेली. नऊ वर्षं झाली, तो ह्या घरात पाऊल टाकत नाही."

"सापडलं का काही?" अर्जदारांनी मागून विचारलं.

मिस्त्रीणबाई वाकलेल्याच राहिल्या. बिघाड सापडला होता. वीस वर्षांतला सगळ्यात सुरेख बिघाड, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ओठांवर आलंही होतं. खरं सांगायचं तर बाईंच्या मनात त्या क्षणी मुलगी नव्हती की तिची नोकरी नव्हती, 'मला सापडलं' एवढंच होतं. मग समोरचा तो ओला हात दिसला.

त्या उठल्या, कंबर धरली आणि म्हणाल्या, "नाही. कळत नाही कशामुळे होतंय. मला जमलं नाही."

अर्जदारांच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! मजकूर गेल्याचं दुःख बिचारे विसरूनच गेले. "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. शिक्षण काय तुमचं? वडील रेडिओवाले. रेडिओवाल्याच्या मुलीकडून दुसरी काय अपेक्षा करणार?"

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. तसंच त्यांनी ठरवलंही होतं. पण बापाचं नाव निघालं आणि जिभेचा लगाम सुटला. "काका, रेडिओवाला निदान बंद पडलेलं चालू करायचा. तुम्ही जन्मभर चालू असलेलं बंद पाडत आलात. बाक घालवलंत, फ्रिजमधलं दूध घालवलंत, आता पोरीला घालवायला निघालात. तुमचे अर्ज वाचून मशीनलासुद्धा शिसारी आली असेल."

"मी लेखी तक्रार करीन!"

"करा की! तेवढंच येतं तुम्हाला."

आणि बाई तरातरा निघून गेल्या. घरी जाईपर्यंत त्यांची स्वतःशी बडबड चालू होती. 'मला जमलं नाही' हे तीन शब्द त्या बडबडीत परत परत येत होते.

अर्जदारांनी शब्द पाळला. एकोणतीस तारखेला संध्याकाळी व्यापारी संघटनेच्या सचिवांकडे अर्ज पोचला आणि प्रती गल्लीतल्या सगळ्या दुकानांत. विषय : संगणक दुरुस्ती व्यवसायातील अज्ञान व उद्धट वर्तन यांबाबत. सतरा मुद्दे. पाचवा मुद्दा असा, की सदर बाईंनी स्वतःच्या तोंडाने 'मला जमलं नाही' अशी कबुली दिली आहे. हा मुद्दा तर खोटाही म्हणता येईना. बाराव्या मुद्द्यात लिहिलं होतं, की सदर बाई निघून गेल्यानंतर संगणक आपोआप सुरळीत झाला असून प्रस्तुत अर्ज त्यावरच, एकदाही स्तब्ध न होता, टंकलिखित केला आहे.

बाईंनी बारावा मुद्दा दोनदा वाचला. मग कागद चुरगाळून टोपलीत टाकला, परत काढला, सरळ केला आणि पुन्हा टाकला. सचिव भेटायला आले, समजुतीच्या सुरात चार शब्द बोलून गेले. त्या समजुतीनेच बाईंचं डोकं जास्त फिरलं. कोपऱ्यावरच्या शाळेची तीस मशीनं बाई बारा वर्षं सांभाळत होत्या. तिथून निरोप आला, "ह्या सत्रात राहू दे. बघू पुढे." काडी घालणारे प्राध्यापकसुद्धा येऊन म्हणाले, "कधी कधी होतं असं, वाईट वाटून घेऊ नका." त्या माणसाने आपल्याला समजावावं, ह्याहून मोठी शोभा काय असते? बाईंनी त्यांना चहा न विचारता वाटेला लावलं.

दोन तारखेला सकाळी काकू आली. दुकानाची पायरी चढण्याआधी तिने मागे वळून बघितलं, मग आत येऊन स्टुलावर बसली.

"मुलगी कायम झाली," ती म्हणाली. "परवा संध्याकाळी कागद हातात आला."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, पण मान वर केली नाही. हातातला स्क्रू तीनदा फिरवून झाला होता तरी त्या तो फिरवतच राहिल्या.

"ह्यांनी अजून तो अर्ज लिहायचा म्हटलं तर लिहू देत. आता त्यात दम नाही. साहेबांचीही बदली झालीय." काकूने टेबलावरच्या उघड्या मशीनकडे बघितलं. "शाळेचं काम गेलं म्हणे तुमचं."

"बातम्या बऱ्या पोचतात तुमच्या घरी."

"ताई, मी एक सांगायला आलेय. ते सांगितल्यावर तुम्ही काय म्हणाल ते म्हणा." काकूचे हात मांडीवर होते. आज ते कोरडे होते आणि एकमेकांना घट्ट धरून होते. "तुमच्यावरचा अर्ज ते लिहीत होते ना, तेव्हा तिन्ही दिवस मी खिडकीशी उभी होते. रोज हात पुढे केला. एकदा तर हिरवी पिन धरलीसुद्धा होती. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, तुमचं नाव जातंय, मला दिसत होतं सगळं. पण त्या दिवशी एकोणतीस तारीख होती. तो अर्ज मोडला असता तर ते रागाने परत मुलीच्या अर्जाकडे वळले असते. तुमच्यावर लिहिण्यात ते रमले होते. मी पिन सोडून दिली. तुमचं जाऊ दिलं."

मिस्त्रीणबाईंनी स्क्रू खाली ठेवला. राग आला होता, उगाच कशाला लपवा. अर्जदारांचा आला नव्हता इतका ह्या बाईचा आला. वेंधळी, मुखदुर्बळ, बिचारी म्हणून जिची त्यांनी मनातल्या मनात कीव केली होती, तिने त्यांना सरळ सरळ तराजूत घातलं होतं आणि उचलून बाजूला ठेवलं होतं. ह्यावर एक सणसणीत वाक्य बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं," काकू म्हणाली.

"विचारलं असतंत," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "तर मी नाही म्हणाले असते."